पोतेम्किन: कथा कोठे थांबवावी?

सर्गेई आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोतेम्किन’ (१९२५) या चित्रपटाविषयी आपण साहित्याचे अभ्यासक आवर्जून बोलतो. ज्या युद्धनौकेची ही कथा, तिच्या चरित्राकडे मात्र सहसा वळत नाही. चित्रपटाच्या शेवटाचा विचार करताना ते चरित्र जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुमारे १२,९०० टनांची ही नौका १९०० मध्ये पाण्यात उतरली. कॅथरिन सम्राज्ञीच्या मर्जीतील एका सरदाराचे नाव तिला दिले होते. २७ जून १९०५ रोजी अळ्या पडलेल्या मांसावरून खलाशांनी बंड केले. वाकुलेंचुक हा खलाशी मारला गेला; कप्तानासह काही अधिकारीही मारले गेले. ३० जूनला चालून आलेल्या आरमाराने पोतेम्किनवर तोफ डागली नाही. एवढेच नव्हे, तर ‘गेओर्गी पोबेदोनोसेत्स’ ही दुसरी नौका बंडात सामील झाली.

चित्रपट आरमाराच्या या भेटीपाशी संपतो. फिल्म सोसायटीच्या खेळांत तो शेवट पाहताना आम्ही दर वेळी भारावलो आहोत. प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी ती सोबतीण नौका फुटली. कोळसा व पाणी यांची चणचण भासू लागली आणि ८ जुलैला, बंडानंतर अकरा दिवसांनी, रुमानियातील कॉन्स्टान्त्सा बंदरात नौका स्वाधीन करून खलाशांनी आश्रय घेतला. त्यांचा पुढारी मात्युशेंको १९०७ मध्ये रशियात परतला, पकडला गेला आणि फासावर चढला.

नौका झारकडे परत गेली. बंडाची आठवण पुसण्यासाठी तिचे नाव ‘पांतेलेइमोन’ असे ठेवण्यात आले. १९१५ मध्ये तिने झारच्याच युद्धात बॉस्फरसच्या तटबंदीवर मारा केला. १९१७ च्या क्रांतीनंतर जुने नाव परत मिळाले, पण थोड्याच दिवसांत तेही बदलून ‘स्वातंत्र्यसैनिक’ या अर्थाचे नाव आले. १९१८ मध्ये ती जर्मनांच्या हाती पडली. १९१९ मध्ये ब्रिटिशांनी तिची यंत्रे उडवून दिली. १९२३ पासून ती मोडीत निघाली. म्हणूनच चित्रीकरणासाठी ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ ही दुसरी जुनी नौका वापरावी लागली.

चित्रपट खोटा, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ओडेसाच्या जिन्यावरील हत्याकांड तसे घडले नव्हते; पण त्या शहरात माणसे मारली गेली होती आणि कलावंताने त्या मृत्यूंना एक जागा दिली. शेवटाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. १९०५ च्या क्रांतीच्या विसाव्या वर्षी सोव्हिएत राज्याला विजयाची प्रतिमा हवी होती. पराभव, परागंदा होणे आणि फाशी हे सारे कापलेल्या भागात गेले. कथा कोठे थांबवली, यावरून कोणाचे दुःख कथेबाहेर राहिले ते कळते. कोणतीही कृती शिकवताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मात्युशेंकोचे एवढे देणे आपण लागतो.