कॅलमझूचा मनोरा

शिकागोहून डेट्रॉइटकडे जाताना कॅलमझूला जरूर थांबा. ओकलंड ड्राइव्हवर मनोरुग्णालयाचा १८९५ सालचा विटांचा जलमनोरा आहे, अगदी किल्ल्याच्या बुरुजासारखा. याच रुग्णालयात १९२२ साली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा निघाली. १९४४ साली ती वेस्टर्न मिशिगनमध्ये आली. आज त्याच रस्त्यावर त्या युनिव्हर्सिटीचं हेल्थ अँड ह्युमन सर्व्हिसेस कॉलेज आहे. अंधांना पांढऱ्या काठीनं चालायला शिकवणारे शिक्षकही १९६१ पासून इथे तयार होतात, आधी स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून!

आम्ही गेलो ते मुलीसाठी. आम्ही पडलो इंजिनिअर मंडळी, "मेडिसिनला का नाही?" हे पालुपद चालूच होतं. ती एवढंच म्हणाली, "अर्धांगानंतर आजोबांना शर्टाची बटणं लावायला कुणी शिकवलं?"

गाडीत बसताना आम्ही फक्त फी विचारली.