मलाक्कातली रिकामी कबर

आम्ही फोंड्याचे. माझी आजी शांतादुर्गेची ओटी भरायची आणि डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्ताला जाऊन सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला, मेणबत्तीही लावायची. १९९४च्या शवप्रदर्शनात तिच्यासोबत मी तासन्‌तास रांगेत उभी होते. पेटीजवळ पोचल्यावर तिनं मला उचलून धरलं, तेव्हा काचेतून दिसलेली पावलं तेवढी आठवतात. म्हणूनच मलाक्कात पोचल्या पोचल्या, जोंकर स्ट्रीटचा बाजार सोडून, मी सेंट पॉलची टेकडी चढले.

वरच्या चर्चला छप्पर नाही. भिंती जांभ्या दगडाच्या, अगदी आमच्याकडच्यासारख्या. त्यांना टेकवून उभ्या केलेल्या डचांच्या थडग्यांच्या उंचच उंच शिळा. आणि जमिनीत एक खड्डा, वर लोखंडी जाळी. आत लोकांनी टाकलेली नाणी, चुरगळलेल्या नोटा.

फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. १५५३च्या मार्चमध्ये त्यांना इथं पुरलं, काही महिन्यांनी वर काढून जहाजावर चढवलं आणि १५५४च्या मार्चमध्ये गोव्याला आणलं. आजीनं ज्याच्यापुढं हात जोडले, तो इथून निघाला होता. जाळीपाशी मी कितीतरी वेळ बसून राहिले. चर्चसमोरच्या त्यांच्या पुतळ्याचा उजवा हात तुटलेला आहे. मूळ शवाचा उजवा हातही १६१४ मध्ये कापून रोमला नेला होता. ते आठवून पोटात कालवलं.

गोवा आणि मलाक्काचं नातं त्याच्याही आधीचं. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं १५१०च्या नोव्हेंबरात गोवा घेतला आणि पुढच्याच ऑगस्टात मलाक्का. मसाल्याच्या वाटेवरची नाकी हवी होती त्याला. १६४१ मध्ये डच आले, मग इंग्रज. इंग्रजांनी किल्ला पाडला. टेकडीच्या पायथ्याशी एक वेस तेवढी उरली आहे, आणि तिच्यावर कोरलेलं चिन्हही डच कंपनीचं.

संध्याकाळी उजोंग पासीरच्या पोर्तुगीज वस्तीत गेले. समुद्राकाठची साधी घरं. एका ओट्यावर एक म्हातारी सुपात बारीक कोळंबी निवडत होती. आमचा जवळाच तो! ती त्याला गेरागो म्हणाली. २९ जूनला सान पेद्रोचा सण, होड्या सजवतात, पाद्री येऊन त्यांना आशीर्वाद देतो, असं ती सांगत होती. आमच्याकडंही त्याच दिवशी होड्या जोडून सांगोड निघतो, हे ऐकून तिचे हात थांबले.

"गोव्याची तू? त्यांना पाहिलंयस?"

"हो आंटी, लहानपणी. पावलं पाहिली."

तिनं ओल्या बोटांनी माझा हात धरला आणि मागं वळून आत कुणाला तरी हाक मारली. तिच्या क्रिस्तांग बोलीतला एकच शब्द मला कळला : जानेला. पावसाची सर आली की आजी आम्हाला ओरडून सांगायची, "जनेल लाय गो!"

आतून कुणीतरी खिडकी उघडली आणि माझ्याकडं पाहिलं.