हाकेच्या अंतरावरचा आनंद

घरांत कोणी अंथरुणास खिळलें म्हणजे इतर माणसांचीं लहानसहान सुखें आपोआप गुन्हेगार ठरतात. तसा कायदा कोणी केलेला नसतो. तरी हार्मोनियमवर खोळ चढते, पत्त्यांचा जोड फडताळांत जातो, आणि चुकून कोणी मोठ्यानें हंसलें तर चार डोळे त्याच्याकडे वळतात. या चालीच्या मुळाशीं असलेलें प्रेम खरें आहे यांत शंका नाहीं. परंतु ही चाल रोग्याच्या कितपत उपयोगाची आणि शुश्रूषा करणाराच्या कितपत हिताची, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतूनहि फारसा होत नाहीं. आमच्या घरीं तो करण्याचा प्रसंग आला, म्हणून हे चार शब्द.

सन २०२५ च्या भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २४ ऑक्टोबरला, सकाळीं आमच्या थोरल्या बंधूंच्या हातांतून चहाचा पेला सुटला. तोंड एका बाजूस वळलें, शब्द जडावले आणि उजवा हात उचलेना. हीं तिन्ही लक्षणें पक्षाघाताचीं, हें आमच्या पुतण्याला ठाऊक होतें. त्यानें प्रथम घड्याळ पाहिलें. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनें अडली असेल तर ती गुठळी विरघळविण्याचें औषध लक्षणें दिसूं लागल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें; आणि तेंहि मेंदूंत रक्तस्राव नाहीं, अशी स्कॅनवरून खात्री झाल्यावरच. सांगलीहून मिरज जवळ. तासाभरांत आम्ही तेथील एका रुग्णालयांत पोहोंचलों, आणि औषध वेळेवर मिळालें. दादांचा जीव वाचला. उजवें अंग मात्र लुळें राहिलें आणि वाचा गेली. त्यांना समजत सर्व होतें. शब्द तेवढा ओठांवर येत नव्हता.

आतां वहिनींविषयीं सांगितलें पाहिजे. त्यांना क्रिकेटचें वेड आहे. वय सदुसष्ट, घरांतील सणवार आणि कुळाचार सर्व त्यांच्या हातचे, तरी सामना असला कीं स्वयंपाकघरांतून दर पांच मिनिटांनीं "किती झाल्या?" हा प्रश्न बाहेर यायचाच. सांगलींत वाढलेल्या स्मृति मानधना हिच्या खेळावर त्यांचा विशेष जीव. २०१७ सालीं लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या मुलींनीं अवघ्या ९ धावांनीं गमावला, आणि त्यांत स्मृति शून्यावर बाद झाली. त्या दिवशीं वहिनींनीं एक वही घातली. तिच्यांत स्मृतीच्या प्रत्येक डावाची तारीख, प्रतिपक्ष आणि धावा. "असा वाईट दिवस पाहून कां सुरुवात केलीत?" असें आम्हीं एकदां विचारलें. "चांगल्या दिवशीं काय, सगळेच असतात हो भाऊजी," त्या म्हणाल्या.

भाऊबिजेस न्यूझीलंडविरुद्ध स्मृतीनें काढलेल्या १०९ धावा त्या वहींत चढल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच वहीच्या मागच्या पानांवर दादांचा रक्तदाब आणि औषधांच्या वेळा चढूं लागल्या. पुढचीं पानें मिटलीं तीं मिटलींच. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा ओलांडून आपल्या मुली अंतिम सामन्यांत पोहोंचल्या. रुग्णालयाच्या ओसरींत तीच चर्चा चालली होती. वहिनींनीं मान वर केली नाहीं.

रविवारीं, २ नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेशीं अंतिम सामना होता. आमच्या आत्याबाई दादांच्या समाचारास आल्या होत्या. पुतण्यानें वहिनींपुढें मोबाईल धरला आणि म्हणाला, "आई, आज तरी पाहा." आत्याबाई एकदम म्हणाल्या, "अरे, काय हें! नवरा असा पडलेला, आणि ती क्रिकेट पाहत बसेल होय?" वहिनींनीं त्यांचाच पक्ष घेतला. मागाहून आम्हांला हळूच म्हणाल्या, "नको भाऊजी. मन लागायचं नाहीं. आणि लागलंच, तर तें अधिकच वाईट."

हें शेवटचें वाक्य आमच्या मनांत रुतलें. संकटांत आनंद वाटणार नाहीं, याचें भय माणसाला फारसें नसतें. तो वाटेल, याचेंच असतें. घटकाभर सुख वाटलें तर आपलें प्रेम उणें ठरेल, असा हा धाक आहे. दिवसरात्र उशाशीं बसून जिनें नवऱ्याला थेंब थेंब पाणी पाजलें, तिच्या प्रेमाची परीक्षा एका सामन्यानें व्हावी, हें आम्हांला कांहीं केल्या पटेना.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक हा येथें बाहेरचा मदतनीस नाहीं, चिकित्सेच्या चार पायांपैकीं एक पाय आहे. शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता, हे त्याचे गुण. यांपैकीं अनुराग आपण गृहीत धरतों. पण दक्षतेला झोंप लागते, विसावा लागतो, मन थोडें मोकळें व्हावें लागतें. औषधाची कुपी आपण शीतकपाटांत जपून ठेवतों, तिच्यावरची मुदत पाहतों. हा तिसरा पाद मात्र रात्रंदिवस उन्हांत ठेवला तरी बिघडणार नाहीं, असें धरून चालतों.

आणखी एक गोष्ट. त्या दिवसांत घरांतील पुरुषांचें वर्तमानपत्र बंद झालें नव्हतें, आणि कोपऱ्यावरच्या चहालाहि कोणी हरकत घेतली नव्हती. आम्हांला जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या जमविण्याचा नाद आहे. स्नानासाठीं घरीं येत असूं तेव्हां एखादी लावीत असूं. ७८ फेऱ्यांची ती लाखेची तबकडी. तिची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. बालगंधर्वांचें पद आत्याबाईंनींहि ऐकलें होतें, आणि मान डोलाविली होती. म्हणजे छंदाला घरांत बंदी नव्हती. जिच्या अंगावर शुश्रूषेचा सर्वांत अधिक भार, तिच्या छंदाला तेवढी होती.

अशा वेळीं रसिक लोक बालगंधर्वांचाच दाखला देतात. १२ मार्च १९११ रोजीं 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशीं त्यांची कन्या वारली, आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले. हा दाखला थोर आहे. पण तो कर्तव्याचा आहे. त्यांच्यासाठीं प्रेक्षक ताटकळत होते. वहिनींनीं सामना पाहिला नाहीं म्हणून कोणाचेंहि अडणार नव्हतें. दुसरा आधार शास्त्राचा. पक्षाघात झालेल्यांनीं रोज आवडीचें संगीत ऐकल्यास त्यांची शब्दांची स्मृति अधिक सुधारते आणि खिन्नता कमी राहते, असें फिनलंडमधील एका अभ्यासांत दिसून आलें. तो २००८ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु दादांना क्रिकेटचा कंटाळा. त्यांच्या औषधाचें निमित्त पुढें करून वहिनींना सामना दाखविणें म्हणजे लबाडीच झाली असती. छंदाला औषधाचें प्रशस्तिपत्र कशाला पाहिजे? आमच्या मतें त्याला तीन अटी पुरेत. तो रोग्याच्या झोंपेला किंवा घराच्या पैशाला भारी पडूं नये. एकाला जी मोकळीक, तीच सर्वांना असावी. आणि मुख्य म्हणजे तो हाकेच्या अंतरावर असावा; हाक येतांच खालीं ठेवतां यावा. दूरगांवची नाटकवारी या अटींत बसत नाहीं; तबकडीची एक बाजू बसते. मिरजेंत रुग्णालयें आहेत तशी सतारमेकरांची गल्लीहि आहे. कागदावरचें औषध आणावयास निघालेल्या माणसानें वाटेंत दोन मिनिटें थांबून तंबोऱ्याचे भोपळे पाहिले, तर तेंहि बसतें.

आम्हीं आत्याबाईंना एवढेंच म्हटलें, "आत्या, परवां घरीं बालगंधर्वांचें पद लागलें होतें तें तुम्हांला गोड वाटलें. तोच न्याय वहिनींना लावूं या." आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं जपमाळ काढली आणि खुर्ची थोडी बाजूस घेतली.

पावसामुळें सामना पांच वाजतां सुरू झाला. स्टुलावर मोबाईल उभा करून आवाज बंद ठेवला होता. स्मृति आणि शेफाली यांनीं शंभर धावांची सलामी दिली. निजून असलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनीं बदलावी लागते, नाहींतर पाठीला जखमा होतात. ती वेळ झाली. वहिनींनीं मोबाईल पालथा घातला आणि त्या उठल्या. सिस्टरच्या मदतीनें दादांना कुशीवर वळवून, उशा लावून परत येईपर्यंत स्मृति बाद झाली होती. "किती?" वहिनींनीं विचारलें. "पंचेचाळीस," पुतण्या म्हणाला. त्यांनीं वहीच्या पुढच्या पानावर ४५ लिहिले, मागच्या पानावर कूस बदलल्याची वेळ लिहिली, आणि मोबाईल पुन्हां उभा केला. थोड्या वेळानें दादांनीं डाव्या हाताचीं बोटें फिरवून कांहींतरी विचारलें. तो वहिनींचाच स्वयंपाकघरांतला प्रश्न होता, हें ओळखायला आम्हांला क्षणभर लागला. वहिनींनीं धावसंख्या सांगितली. त्यामुळें दादांची वाचा परत आली, असें मुळींच नाहीं. पण इतक्या दिवसांत त्यांना प्रथमच औषधाखेरीज दुसरें कांहीं विचारावेंसें वाटलें.

मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या मुलींनीं ५२ धावांनीं विश्वचषक जिंकला. तेव्हां वहिनी गाढ झोंपल्या होत्या. ती रात्र पुतण्याच्या पाळीची होती. त्यानें त्यांना उठविलें नाहीं. आजार सुरू झाल्यापासून त्या प्रथमच सलग सहा तास झोंपल्या.

दादा आतां घरीं आहेत. काठी घेऊन ओसरीपर्यंत जातात. शब्द थोडे, पण येतात. रोजचा व्यायाम आणि उच्चारांचा अभ्यास चालू आहे. असा आजार महिनोन्‌महिने चालतो. त्याला उत्साहाच्या भरांतली शुश्रूषा पुरत नाहीं, बेताची आणि वांटून घेतलेली शुश्रूषा लागते. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यांत म्हणून प्रत्येकाच्या पाळीशेजारीं त्याच्या मोकळ्या तासाचाहि एक रकाना आहे. ज्यांच्या घरीं आज असा प्रसंग असेल त्यांनीं तक्ता करतांना तेवढा एक रकाना अधिक आखावा. आणि जी बाई तो स्वतःहून कधींहि मागणार नाहीं, तिचें नांव त्यांत सर्वांच्या आधीं लिहावें.