लाकडासारखी जमीन

आमच्या घरातील जमीन लाकडाची नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पाहुणे दाराशी चपला काढतात, आत पाऊल टाकतात आणि कौतुकाने विचारतात, "सागवानी का हो?" त्यावर सासूबाई आपल्या खुर्चीतून उत्तर देतात, "सागवान नव्हे, सागवानाचा फोटो." गेली आठ वर्षे त्या हेच सांगत आल्या आहेत, आणि त्यात खोटे काहीच नाही.

लॅमिनेट या नावाने मिळणाऱ्या या पट्ट्यांचे अंतरंग मी बसवायला आलेल्या कारागिराकडून समजावून घेतले होते. लाकडाचे तंतू राळेत भिजवून, प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला एक फळा. त्यावर सागाच्या रेषा छापलेला कागद. कागदावर मेलामाइनचे पारदर्शक कवच आणि त्या कवचात कुरुंदाची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची, बारीक पूड. फळा वाकू नये म्हणून तळाशी आणखी एक थर. सगळी जाडी मिळून आठ मिलिमीटर. ही युक्ती स्वीडनमधील पेर्स्टोर्प कंपनीने १९७७ साली काढली आणि १९८४ पासून 'पेर्गो' या नावाने तिथल्या बाजारात आणली. स्वीडनमध्ये हिवाळाभर घरे बंद करून आतली हवा तापवतात. आमच्या वसईत जुलै महिन्यात हवेतील ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर जातो आणि डब्यातील मीठसुद्धा पाझरू लागते. तिथली वस्तू इथे आणण्याचे कारण हौस नव्हते.

२०१७ च्या जूनमध्ये सासूबाई ओल्या टाइलवरून घसरल्या. मांडीचे हाड खुब्याशी मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि तीन महिन्यांनी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. परंतु टाइलचा गारठा त्यांच्या तळपायांना सोसेना, आणि घरात चप्पल घालून वावरणे त्यांना जन्मात मान्य झाले नव्हते. तेव्हा ह्यांनी ठरवले की बैठकीच्या खोलीत आणि आईच्या खोलीत लॅमिनेट घालायचे. स्वयंपाकघर व न्हाणीघर होते तसेच राहू द्यायचे. ओले झाले तर लॅमिनेटही घसरते, ते काही कमी नाही. मात्र ते ओले करण्याचे कारणच उरत नाही, एवढा त्याचा गुण.

आणि नेमका हाच गुण सासूबाईंना जाचला.

गावच्या घरात त्या लग्न होऊन आल्या तेव्हा जमीन मातीची होती. शेण किती, पाणी किती, ते बोटांनाच कळे. दाराच्या उंबऱ्याकडे पाठ करून, कोपऱ्यापासून मागे सरत, हाताच्या एका लयीत अर्धवर्तुळे उमटवीत त्या ओटी सारवत असत. मी त्या घरात आले तोवर ओटीवर कोबा झाला होता, माजघरात शहाबादी फरशी बसली होती. तरी मागच्या पडवीचे सारवण त्यांनी कुणाच्या हाती दिले नाही. पुढे आम्ही या सदनिकेत राहायला आलो आणि टाइल्स आल्या. माती, कोबा, शहाबाद, टाइल: जमिनी बदलत गेल्या तरी बादली आणि पोतेरे बदलले नाही. जमीन पाण्याने राखायची, ही त्यांच्या हातांची साठ वर्षांची समजूत. त्या हातांना आम्ही सांगितले, आता पाणी नको.

कारागिराने जाताना बजावले होते: बादली ओतायची नाही, वाफेचे यंत्र फिरवायचे नाही, मेण किंवा पॉलिश लावायचे नाही. रोज कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपायची. आठवड्यातून एकदा फडके ओले करून, थेंब गळणार नाही इतके घट्ट पिळून पुसायचे. काही सांडले तर तत्काळ टिपायचे, कारण पाण्याची वाट वरून नसते, सांध्यातून असते. सासूबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ही धूळ पुसणे झाले. जमीन कुठे पुसली? घर पारोसे राहते." दोनतीन दिवस त्या फारशा बोलल्या नाहीत. चूल त्यांच्याकडून आधीच सुटली होती. बसल्या जागेवरून जमीन पुसून घेणे, कोपऱ्यातला डाग दाखवणे, पोतेरे पुन्हा पिळायला लावणे, एवढाच काय तो कारभार उरला होता, आणि तोही आम्ही त्यांच्याच भल्याचे नाव सांगून काढून घेत होतो. ह्यांच्याशी मी याबद्दल बोलले. हे म्हणाले, "मग काय करायचे? पुन्हा पडू द्यायचे?" या प्रश्नाला उत्तर नव्हते.

कुरुंदाचा फार बोलबाला ऐकला होता. परंतु ती पूड राळेत विखुरलेली असते आणि राळ वाळूहून मऊ. रविवारी भुईगावच्या किनाऱ्यावरून नातवंडे आली की चपलांतून वाळू येणार. म्हणून दाराबाहेर काथ्याचे एक आणि आत सुती एक, अशी दोन पायपुसणी आम्ही ठेवली. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या चिकटवल्या. वॉकरच्या रबराचे काळे ओरखडे उमटत, ते नातीच्या खोडरबराने निघाले. भिंतीलगत बोटभर मोकळी जागा सोडून वर पट्टी मारलेली असते, ती पट्ट्यांना ओल्या हवेत फुगायला वाव मिळावा म्हणून. तेथे कपाट ठोकून बसवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या जमिनी मधोमध उचलल्या जातात.

१० जुलै २०१८ ला वसई-विरार पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, वीज गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर असल्याने बचावलो. तळमजल्यावरील शेजाऱ्यांकडेही आमच्यासारखेच लॅमिनेट होते. पाणी ओसरल्यावर त्यांच्या खोलीत गेले तर प्रत्येक सांधा ओठासारखा उलटलेला. शहाबादी असती तर झाडू मारून, धुऊन कामाला लागली असती. समुद्राकाठच्या तळमजल्याला ही जमीन घालू नये, असे माझे स्पष्ट मत त्या दिवशी झाले.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सकाळी सासूबाई बाल्कनीच्या दाराशी वॉकर थांबवून उभ्या राहिल्या. "इथे जमीन उठली आहे." मी वाकून पाहिले, काही दिसले नाही. ह्यांनी हात फिरवला, त्यांनाही काही लागले नाही. सासूबाई अनवाणी पाऊल पुढेमागे करीत म्हणाल्या, "उठली आहे. मला कळते." चार दिवसांनी ती डोळ्यांना दिसू लागली. दाराच्या चौकटीखालून पावसाचे पाणी झिरपत होते. चौकट बुजवून घेतली. पण फुगलेली पट्टी सुकली तरी खाली बसत नाही, आणि रंधाही मारता येत नाही, कारण वर लाकूड नाही, कागद आहे. कारागिराने भिंतीकडून ओळी सोडवत आणल्या, दोन पट्ट्या बदलल्या आणि सगळे पुन्हा अडकवले. सासूबाई खुर्ची जवळ ओढवून पूर्ण वेळ तेथे बसल्या होत्या. एक सांधा नीट बसला नाही, तोही त्यांनीच दाखवला. कारागीर जरा वैतागला, पण त्याने तो पुन्हा ठोकला.

तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी त्या बाल्कनीच्या दारापासून आपल्या खाटेपर्यंत अनवाणी एक फेरी घालतात. काय आढळले ते सांगतात. बहुधा काही आढळत नाही. कोरडे फडके लावलेला लांब दांडा त्यांनी आपणहून मागून घेतला आहे. खुर्चीत बसून, हात पोहोचेल तेवढ्या भागात त्या तो फिरवतात. पारोसेपणाबद्दलचे मत मात्र बदललेले नाही.

बदललेल्या दोन पट्ट्या अजून निराळ्या दिसतात. जुन्यांचा रंग उन्हाने उतरला आहे. जादा घेतलेल्या पट्ट्यांचे खोके त्यांच्या खाटेखाली असते. यंदा मे महिन्यात मी ते झाडायला बाहेर काढले तेव्हा त्यांनी विचारले, "किती उरल्या?"

"सात."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "सात ना? मग पुरतील," त्या म्हणाल्या.