गुलछडी कांद्याची नाही, घायपाताची भावकी



आमचा तीस गुंठ्यांचा गुलछडीचा प्लॉट यंदा तिसरं वर्ष संपवून निघणार. दांडा बारीक पडलाय, फूल वजनात भरत नाही. मागं रब्बी कांदा घ्यायचाय, रोप तयार आहे. तर दोघातिघांनी अडवलं, "दोन्ही एकाच कुळातली, एकावरचा रोग दुसऱ्यावर जाईल." मोबाईलवर दाखवलंही. गुलछडी, कुळ ॲमरिलिडेसी. कांदा, कुळ ॲमरिलिडेसी.

दोन्ही ओळी पुस्तकातल्याच आहेत, पण वेगवेगळ्या काळातल्या. घोळ तिथंच आहे.

बेंथम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात जी मांडणी केली, ती आपल्याकडच्या कॉलेजांत कितीतरी वर्षं शिकवली. तिच्यात मोठी खूण म्हणजे अंडाशय कुठं आहे. कांद्याच्या गोंड्यातलं एक बारीक फूल उकलून बघा, अंडाशय पाकळ्यांच्या वर बसलेला दिसेल. म्हणून कांदा लिलिएसीत. गुलछडीचं फूल उभं चिरा, अंडाशय पाकळ्यांच्या खाली, देठाकडं. म्हणून ती ॲमरिलिडेसीत. म्हणजे त्या पुस्तकातही ही दोघं एका घरात नव्हती!

पुढं १९३४ साली हचिन्सन म्हणाले की अंडाशयापेक्षा फुलांची ठेवण बघा. कांद्याच्या डेंगळ्यावर सगळी फुलं एकाच टोकातून छत्रीसारखी निघतात, म्हणून तो ॲमरिलिडेसीत. गुलछडीला तिथून उचलून घायपाताजवळ ठेवलं. नंतर डीएनए तपासून जी मांडणी झाली, तिच्यातही २००९ पासून कांदा-लसूण ॲमरिलिडेसीत आणि गुलछडी शतावरीच्या कुळात, ॲस्परॅगेसीत आहे. आता गुलछडीचं कुळ जुन्या पुस्तकातून घेतलं आणि कांद्याचं नव्यातून, तर दोघं भाऊ दिसणारच.

तिचं पोलिॲंथस ट्युबरोझा हे लिनियसनं १७५३ साली दिलेलं नावही आता बदललंय. २०१७ पासून अगावे अमिका म्हणतात. अगावे म्हणजे आपलं बांधावरचं घायपात. ऐकून पहिल्यांदा हसूच येतं. कुठं ते काटेरी पान आणि कुठं ही वेणीतली छडी. पण दोघंही मूळ मेक्सिकोकडची. पेशीत गुणसूत्रांचा संच ३० चा, त्यात ५ मोठी आणि २५ बारीक, ही ठेवण दोघांत सारखी. हे १९३० च्या दशकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं.

आपल्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. घायपात वर्षानुवर्षं गप्प असतं, मग खांबासारखा दांडा काढतं, फुलतं आणि तो बुंधा मरतो. बाजूची पिल्लं मागं राहतात. गुलछडीचा कंदही एकदाच दांडा देतो. पुढच्या हंगामाची फुलं त्याच्या भोवतीच्या पिल्लांची असतात. तिसऱ्या वर्षी फुटव्यांची गर्दी होऊन दांडा बारीक का पडतो, ते यात आलं.

आता राहिला बेवडाचा प्रश्न. कुळ वेगळं म्हणजे रान मोकळं, असंही समजू नका. रोग काय सातबारा बघून येत नाही. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी गुलछडीवर येते, तीच वांगी, टोमॅटो, भेंडीवरही येते, आणि या तिघांचं गुलछडीशी जवळचं नातं काहीच नाही. बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे गोल दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम. ती कांदाही खाते आणि भुईमूगही. फुलकिडे तर दोन्हीकडं असतातच.

म्हणून कंद काढताना प्लॉटच्या चारी कोपऱ्यांतले आणि मधले गड्डे धुऊन बघणार आहे. मुळं साफ आणि बूड कोरडं असेल तर कांदा लागेल. गाठी निघाल्या तर त्या भागात आधी झेंडू, आणि पुढच्या गुलछडीला शृंगार जातीचं बेणं, ते या सूत्रकृमीला बऱ्यापैकी टिकतं. मोहरीदाणे दिसले तर तेवढ्या पट्ट्यात कांदा नाही न् भुईमूगही नाही, ज्वारी टाकू. रोप उरलं तर चुलतभावाला देऊ, त्याचं वाफ्यातलं पावसात गेलंय.