पिशवीतील जयणा
बंदराच्या कडेने चढत गेलेल्या टेकड्यांवर वसलेले वेलिंग्टन १८६५ पासून न्यूझीलंडची राजधानी आहे. लॅम्ब्टन की या बाजारपेठेतून केबल कार प्रवाशाला केलबर्नच्या माथ्यावर नेते. तेथून जवळच, ८.६ किलोमीटरच्या कुंपणाआड, २२५ हेक्टरांचे झीलँडिया अभयारण्य आहे. प्रवेशद्वारी पर्यटकाने आपली पिशवी तपासायची असते. चुकूनही उंदीर आत जाऊ नये. उंदरांनी अनेक देशी पक्षी संपवत आणले होते. विष घालून उंदीर मारले, तेव्हा पक्ष्यांना अभय मिळाले. येथे जैन मन अडखळते. परंतु उंदीर त्या भूमीवर आपणहून आले नव्हते. माणसांच्या गलबतांतून उतरले होते. हिंसेचा आरंभ विषापासून नव्हे, त्या प्रमादापासून झाला. म्हणून दारात पिशवी उघडून पाहणे, ही जयणाच होय.