घाटाच्या अलीकडे

सिम्युलेटरमध्ये विमान डोंगराला धडकलं, तर पडदा काळा होतो आणि काही सेकंदांत तेच विमान धावपट्टीच्या टोकाशी पुन्हा उभं राहतं. त्यामुळे घरच्या संगणकावर उडणाऱ्या पुष्कळांना डोंगर हा नुसता देखावा वाटतो. जवळ जावं, दरीत शिरावं, चुकलं तर पहिल्यापासून सुरुवात करावी. डोंगराशी असं वागणं मला पटत नाही. सिम्युलेटरने मरणाची भीती काढून घेतली, पण उंची, वेग, वारा आणि अंतर यांचं गणित बहुतांशी शाबूत ठेवलं, आणि डोंगर टाळण्याची सारी विद्या त्या गणितात आहे. डोंगर समोर आला की वळसा घालायचा, ही आपली सोपी कल्पना. खरं तर डोंगर दिसण्याच्या कितीतरी आधी, आपण नेमके कुठे आहोत आणि या समजुतीत किती चूक असू शकते, याचा हिशेब ज्याने मांडलेला असतो, तोच त्याला टाळू शकतो.

अपघातांच्या चौकश्या हेच सांगतात. 7 जुलै 1962 च्या पहाटेआधी, ऐन पावसाळ्यात, अलिटालियाचं डीसी-8 विमान मुंबईला उतरायला निघालं आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. आतले सर्व 94 जण गेले. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली, असा समज झाला आणि विमान लवकर खाली आलं, असा निष्कर्ष निघाला. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ जिनिव्हाच्या वाटेवर मों ब्लांवर कोसळलं. त्या 117 जणांत होमी भाभा होते. तिथेही शिखर मागे पडलं असं समजूनच विमान उतरू लागलं होतं. दोन्हीकडे चूक आडव्या अंतरातली होती आणि तिची किंमत उभ्या उंचीत मोजावी लागली. आणि समोरचं दिसत असतं तर? 28 नोव्हेंबर 1979 ला अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर एअर न्यूझीलंडचं विमान आदळलं, तेव्हा वैमानिक ढगांखाली, स्वच्छ हवेत होते. मार्गाचे आकडे संगणकात आधीच बदलले गेले होते आणि त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पांढऱ्या उजेडात पांढरा उतार सपाट बर्फात मिसळून गेला. डोळे उघडे असूनही 257 माणसं गेली. म्हणून नुसत्या नजरेवर सोडायची ही गोष्ट नाही.

आता आपला सह्याद्री घ्या. जुहूहून सेसना 172 घेऊन पुण्याकडे निघायचं, हे मराठी घरांतल्या सिम्युलेटरचं अगदी साहजिक उड्डाण. घाटाच्या कडेला लोहगड-विसापूरची जोडी उभी आहे; त्यातला विसापूर साडेतीन हजार फुटांहून थोडा उंच. डोंगराळ मुलखात सर्वांत उंच जागेच्या वर दोन हजार फूट मोकळे ठेवायचे, हा विमानविद्येतला रूढ दंडक. म्हणजे घाट ओलांडताना साडेपाच हजार फूट हवेत. खाडी आणि भातखाचरं पाहत हजार फुटांवरून आलेल्या विमानाला साडेचार हजार फूट चढायचं आहे. हे छोटं विमान सरासरी मिनिटाला पाचशे फूट चढतं आणि चढताना त्याचा वेग पंचाहत्तर नॉटच्या आसपास असतो, असं धरू. वारा नसेल, तर दर नॉटिकल मैलाला चारशे फूट मिळतात आणि चढाईला सव्वाअकरा मैल लागतात. पण आषाढ असेल आणि पश्चिमेचा वारा पंचवीस नॉटने पाठीशी असेल, तर जमिनीवरून वेग शंभर होतो, मैलामागे तीनशेच फूट मिळतात आणि तीच चढाई पंधरा मैल खाते. पाठीवरचा वारा सोयीचा वाटतो, पण तो आपल्याला चढायला जागा न देता भिंतीकडे नेत असतो. कर्जतपासून घाटाची कड जेमतेम सहा-सात नॉटिकल मैलांवर आहे. कर्जत दिसल्यावर चढू म्हणणाऱ्याचा हिशेब तिथेच चुकलेला असतो. त्यात भर दाबाची. अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची ठरवतो. पावसाळ्यात मुंबईचा दाब हजार तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो, आणि त्याचा दाबाचा आकडा प्रमाण मानलेल्या 1013 वरच ठेवला, तर विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा अडीचशेहून अधिक फूट खाली उडत असतं. मैदानावर हे खपून जातं, घाटात नाही.

मग कुणी म्हणेल, पडद्यावरचा डोंगर तरी कुठे खरा आहे? आक्षेप योग्य आहे आणि तो खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने साठ मीटर लांबीचा दांडा अवकाशात पसरून अकरा दिवसांत रडारने जमिनीची उंची मोजली. उत्तरेला साठ अंशांपासून दक्षिणेला छप्पन्न अंशांपर्यंतची भूमी त्यात आली. फ्लाइटगिअर आणि एक्स-प्लेनसारख्या सिम्युलेटरांची भूरचना या मोजणीवर पुष्कळ अवलंबून राहिली. पण रडार तिरकं पाहतं, त्यामुळे तीव्र कड्यांच्या आड त्याची सावली पडते आणि तिथे आकड्यांच्या जागी भोकं राहतात. ती नंतर इतर स्रोतांतून बुजवावी लागली. शिवाय अशी मोजणी ठरावीक अंतरावरच्या एकेका जागेला एकच उंची देते आणि सिम्युलेटर त्या उंचींवर चादर टाकावी तसा पृष्ठभाग ताणतो. चादरीला पोटात शिरलेला कडा करता येत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, पण अशा पृष्ठभागावर तो फार तर तीव्र उतार होतो. आणि लिंगाण्यासारखा सुळका मोजणीच्या चौकटी मोठ्या असतील तर आसपासच्या जमिनीत मिसळून बुटका होतो. म्हणजे डोंगर जिथे सर्वांत बिकट, तिथेच त्याची नक्कल सर्वांत दुबळी. मला यातून अंतर कमी करायचं कारण मिळत नाही, वाढवायचं मिळतं. वरचे दोन हजार फूट असतात ते याच चुकांसाठी: नकाशाच्या, दाबाच्या, वाऱ्याच्या आणि स्वतःच्या.

दुसरा आक्षेप मनाला भिडणारा आहे. डोंगर पाहण्यासाठीच तर लोक सिम्युलेटर घेतात. तेच टाळायचे, तर उडायचं कशाला? पण टाळणं म्हणजे डोंगराकडे पाठ फिरवणं नव्हे. नव्वद नॉट वेगाने तीस अंश कललेलं विमान उलट फिरायला सुमारे साडेसातशे मीटर रुंदी घेतं. वेग एकशे वीस झाला की तीच रुंदी साडेतेराशे मीटर होते. दरीच्या मधोमध उडणाऱ्याजवळ दोन्ही अंगांना अर्धीच जागा उरते. एका बाजूच्या उताराला धरून, वेग आवरून उडणाऱ्याला पूर्ण दरी वळायला मिळते, आणि समोरचा कडा त्याला पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो. कडेकडे सरळ न जाता पंचेचाळीस अंशांनी तिरकं गेलं, की मागे फिरायचं वळणही थोडक्यात आटोपतं. डोंगर मनसोक्त पाहायला मिळतो तो याच शिस्तीत, कारण परतीची वाट मोकळी आहे हे ठाऊक असलेलं मनच पाहायला मोकळं असतं.

राहिली यंत्रं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेने असंख्य जीव वाचवले आहेत, हे निर्विवाद. पण 20 डिसेंबर 1995 ला कोलंबियात कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंगमध्ये इशारा मिळाला तो धडकेच्या बारा-तेरा सेकंद आधी. वैमानिकांनी नाक वर खेचलं, पंखांवरचे वेगरोधक मात्र उघडेच राहिले, आणि 159 जण गेले. पुढे यंत्रणा सुधारली, नकाशा पाहून खूप आधी सावध करू लागली. तरी ‘वर ओढ’ ही आज्ञा पाळायला इंजिनात ताकद लागते, आणि सेसनाकडे ती बेताचीच असते. सिम्युलेटर तर याहून जास्त देतो: नकाशावर सरकणारं आपलं चिमुकलं विमान, बाहेरून पाहायची सोय, हवं तिथे थांबवायची कळ. त्याने ‘मी कुठे आहे’ हा प्रश्नच पुसला जातो, ज्या प्रश्नापाशी जुन्नर आणि मों ब्लां घडले. शिकायचं असेल त्याने तो सरकता नकाशा बंद करावा, दाब विचारून अल्टिमीटर लावावा, घड्याळ आणि होकायंत्रावर पनवेल, मग कर्जत गाठावं. पश्चिमेचा वारा पाठीशी असताना कर्जतवर साडेतीन हजार फूट झालेले नसतील, किंवा पुढची कड ढगात गेली असेल, तर नाक कोकणाकडे फिरवावं. चकरा मारत चढायला तिथे भरपूर जागा आहे, आणि ढग नाहीच हटले तर जुहूही मागे आहेच.